फुलपाखरासारखा पाकट: एका जोडनावाची पार्श्वभूमी

इंग्रजीत ‘बटरफ्लाय’ हा शब्द कीटकापुरता उरलेला नाही आणि ‘रे’ म्हणजे नेहमीच प्रकाशकिरण असतो असेही नाही. हे दोन्ही शब्द एकत्र येतात तेव्हा मात्र एका माशाचा बोध होतो. उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांच्या उथळ, वाळूच्या किंवा चिखलाच्या तळाशी राहणारा हा चपटा मासा कोकणात ज्यांना पाकट म्हणतात त्यांचा जवळचा नातलग आहे. त्याच्या शरीराची रुंदी लांबीच्या दीडपटीहून अधिक असते आणि पसरलेल्या पंखांमुळेच त्याला फुलपाखराचे नाव मिळाले.

या नावातील ‘रे’ लॅटिन ‘राया’ या मत्स्यवाचक शब्दावरून आला, तर किरण या अर्थाचा ‘रे’ चाकाचा आरा असा अर्थ असलेल्या ‘रेडियस’पासून. इंग्रजीत दोघांचे रूप एक झाले. माशांच्या परांतील काड्यांनाही ‘रे’ म्हणतात. तो शब्द किरणाच्या कुळातला आहे, आणि बहुसंख्य अस्थिमत्स्यांच्या वर्गाचे इंग्रजी नावही या काड्यांवरूनच पडले. ‘रे’ म्हणवणारे पाकट मात्र त्या वर्गात मोडत नाहीत. ते शार्कप्रमाणे कूर्चेचा सांगाडा असलेले मासे आहेत. अभ्यासाला सुरुवात करणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून हा भेद स्पष्टपणे सांगायला हवा.

सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये या गटातील एका जातीला ‘राया अल्टाव्हेला’ असे नाव दिले. (रोमन लिपीतील ‘Raja’ पाहून ‘राजा’ वाचण्याचा मोह होतो, पण तो लॅटिन ‘राया’च आहे.) ‘अल्टाव्हेला’त उंच शिडाची कल्पना आहे. भारतीय किनाऱ्यावरच्या जातीचा इतिहास विशाखापट्टणमला सुरू होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल यांनी तिथे जमवलेल्या 200 माशांची वर्णने आणि चित्रे 1803 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या आधारे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी 1804 मध्ये ‘पोसिल्युरा’, म्हणजे चित्रविचित्र शेपटीचा, हे नाव दिले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची शेपटी ही या जातीची ठळक खूण असल्याने हे नाव मला सर्वांत नेमके वाटते.

प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, आजचे नाव ‘जिम्न्युरा’ जावामध्ये काम करणाऱ्या योहान फान हासेल्ट या तरुण डच निसर्गअभ्यासकाच्या पत्रातून 1823 मध्ये छापले गेले आणि त्याच वर्षी त्याचा तिथे मृत्यू झाला. नावाचा अर्थ ‘उघडी शेपटी’, म्हणजे पर नसलेली शेपटी. पुढे 1837 मध्ये बर्लिनच्या म्यूलर आणि हेन्ले यांनी रुंद पंखांवरून ‘टेरोप्लाटिया’ असे नाव सुचवले, आणि ते एकोणिसाव्या शतकात बरेच वापरले गेले. परंतु आधी प्रसिद्ध झालेल्या नावाला अग्रक्रम देण्याच्या नियमामुळे अखेर ‘जिम्न्युरा’च टिकले. ज्यांच्या शेपटीवर लहानसा पर असतो अशा जातींसाठी 1841 मध्ये ‘ईटोप्लाटिया’ ही वेगळी प्रजाती कल्पिली गेली होती; नंतर तीही ‘जिम्न्युरा’त विलीन झाली. शास्त्रज्ञांचे लक्ष कधी पंखांवर, कधी शेपटीवर राहिले आणि नावे त्याप्रमाणे बदलली; बोलीभाषेतील इंग्रजी नाव मात्र पंखांनाच धरून राहिले.

ही नावांची काटेकोरता केवळ ग्रंथालयापुरती नाही. ‘पोसिल्युरा’ ही जात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही मिळते. तळाशी पडून राहणारा आणि एका वेळी मोजकीच पिल्ले देणारा हा मासा ट्रॉलरच्या जाळ्यात सहज सापडतो, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो आता असुरक्षित गटात आहे. मासेमारीच्या आकडेवारीत मात्र अनेकदा सगळ्या प्रकारचे पाकट एकाच शीर्षकाखाली मोजले जातात. त्यामुळे यातील नेमकी कोणती जात किती घटली, हे त्या आकड्यांवरून काढता येत नाही.