मोठी मूळ संख्या ‘सापडली’ कधी?

२२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी चाळीसगाव-जळगावकडे तक्ते करताना एक प्रश्न अडतो: सर्वांत मोठ्या मूळ संख्येपुढे तारीख कोणती लिहायची? पाटणादेवीच्या शिलालेखातल्या, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठीच्या मठाशी विषय जोडायचा मोह इकडे होतोच, पण तिथे जे ग्रंथ शिकवायचे ठरले होते त्यांत मूळ संख्यांचे वेगळे प्रकरण नाही.

विक्रमी मूळ संख्या बहुधा मर्सेन प्रकारच्या, म्हणजे ‘२ चा घात वजा १’ अशा असतात; इथे त्यांना ‘म’ म्हणू. म-५ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, म्हणजे ३१. १८७६ साली ३९ अंकी म-१२७ हातानेच तपासली गेली. १९५२ पासून हे काम यंत्राकडे आहे. म-५ साठी कसोटी साधी: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. ४, १४, ८, ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे इथे तीन फेऱ्या, आणि शेवटी शून्य आले की संख्या मूळ. घातांक १३ कोटींचा असेल तर फेऱ्याही तेवढ्याच. मधेच एक बिट (यंत्रातला ० किंवा १) उलटला तर पुढचे सगळे वाया, आणि चुकीची बाकी चुकीची दिसत नाही. म्हणून वेगळ्या यंत्रावर फेरतपासणी.

वाद ‘सापडली’ या शब्दाचा. १९६१ साली यंत्राने म-४२५३ आणि म-४४२३ दोन्ही मूळ ठरवल्या. छापील कागद उलट्या क्रमाने वाचला गेला, मोठी आधी दिसली. त्यामुळे म-४२५३ कधीच ‘सर्वांत मोठी’ नव्हती, असे धरतात. माणसाने पाहिल्याशिवाय शोध होतो का, असे तेव्हा विचारले गेले. उलट प्रश्न आला: कागद रचून ठेवणाऱ्या ऑपरेटरने पाहिले असेल तर?

म-७,४२,०७,२८१ (२,२३,३८,६१८ अंक) यंत्राने १७ सप्टेंबर २०१५ ला शोधली. शोध-प्रकल्पाच्या सर्व्हरवरून तसे कळवणारा ईमेल गेलाच नाही. माणसाच्या लक्षात आले ७ जानेवारी २०१६ ला, आणि अधिकृत तारीख तीच. कापूस कार्तिकात वेचलेला असतो, पावतीवर तारीख पडते काट्यावर चढल्या दिवसाची, तसेच हे. सोयीचे आहे, पण साडेतीन महिने ती संख्या ‘नव्हती’ म्हणणे जरा ओढूनताणूनच.

म-१३,६२,७९,८४१ (४,१०,२४,३२० अंक) ची गुंतागुंत वेगळी. आता आधी ३ चे घात घेणारी चाचणी चालवतात, कारण ती वाटेतल्या चुका स्वतः पकडते. पण तिचा निकाल ‘बहुधा मूळ’ एवढाच. तो ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधून आला. वरची पक्की कसोटी दुसऱ्या दिवशी टेक्सासमध्ये पूर्ण झाली. शोधाची तारीख १२ धरतात. जाहीर झाले २१ ला, आणि बातम्यांच्या कात्रणांत बहुतेक हीच तारीख सापडते.

तक्त्यावर जागा असेल तर दोन्ही तारखा लिहाव्यात; म-७,४२,०७,२८१ पुढे, उदाहरणार्थ: ‘यंत्राला १७ सप्टेंबर २०१५, माणसाला ७ जानेवारी २०१६’.