जुन्या पिकअपला डीआरएल बसवताना: नियम, कागदपत्रे आणि आरटीओची तपासणी

कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावड्याहून करूळ घाट उतरणाऱ्या पिकअप चालकांना पावसाळ्यातील धुक्याचा अनुभव नवीन नाही. राखाडी किंवा मळकट पांढऱ्या रंगाची गाडी समोर दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. नव्या गाड्यांना कारखान्यातूनच येणारे दिवसा पेटणारे दिवे, म्हणजेच डीआरएल, आपल्या जुन्या गाडीलाही बसवून घ्यावेत असे अनेकांना वाटते, आणि त्यासाठी आरटीओकडे कोणता अर्ज करायचा अशी विचारणा होते. केवळ डीआरएलसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र नमुना अर्ज नाही. मात्र अर्ज नाही म्हणजे नियम नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. या कलमाच्या स्पष्टीकरणात ‘फेरफार’ म्हणजे वाहनाच्या रचनेत केलेला, त्याचे मूळ स्वरूप बदलणारा बदल, असे म्हटले आहे. इंजिन, इंधन किंवा हौद्याचा प्रकार बदलला तर ही तरतूद सरळ लागू होते. बंपरवर बसवलेल्या दोन लहान दिव्यांमुळे आरसी बुकातील एकही रकाना बदलत नाही. तरीही कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरफारासाठी, त्यात बाहेरून बसवलेले सुटे भागही आले, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद असल्यामुळे, आपण बसवलेला दिवा नियमात बसतो हे दाखवणारा कागद मालकाकडे असलाच पाहिजे.

दिवा निवडतानाच निम्मे काम होते. केंद्रीय नियम १०६ प्रमाणे पुढे प्रकाश टाकणाऱ्या दिव्याचा झोत खाली वळलेला असावा लागतो. आठ मीटरवर उभ्या असलेल्या आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. नियम १०८ प्रमाणे पुढच्या बाजूने लाल प्रकाश दिसता कामा नये, आणि नियम १११ प्रमाणे नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. डीआरएल म्हणून विकले जाणारे कित्येक एलईडी बार प्रत्यक्षात याच शेवटच्या वर्गात मोडतात, हे दुकानदार सांगत नाही. युरोपीय मानकानुसार खऱ्या डीआरएलची तीव्रता ४०० ते १,२०० कँडेला (प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) असते, रंग पांढरा असतो आणि काचेवर रोमन लिपीत ‘आरएल’ अशी अक्षरे कोरलेली असतात. खरेदी करताना काच उजेडात तिरकी धरून ही खूण स्वतः पाहावी आणि मान्यता प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. आपल्याकडे अशा चाचण्या पुण्यातील एआरएआय किंवा भोसरीतील सीआयआरटी यांसारख्या संस्था करतात.

बसवण्याच्या बाबतीत एका गोष्टीवर तडजोड करू नये. हेडलाइट लावताच डीआरएल आपोआप विझले पाहिजेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कोणत्याही जाणकार वायरमनला पाच पायांचा रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालू-बंद होणारा स्विच, नवा नाही. इग्निशननंतरचा पुरवठा फ्यूजमधून ३० क्रमांकाच्या पायाला, डीआरएलची वायर ८७ए ला आणि पार्किंग लाइटची वायर रिलेच्या कॉइलला जोडली, की पार्किंग लाइट लागताच संपर्क तुटतो आणि डीआरएल बंद होतात. वेळ वाचवण्यासाठी थेट बॅटरीवरून वायर ओढून डॅशबोर्डखाली बटण देण्याची पद्धत आहे, पण ते बटण रात्री बंद करायचे राहते, आणि समोरच्याचे डोळे दिपले की वाद आपल्यावरच येतो. युरोपीय मानकाप्रमाणे दिवे जमिनीपासून २५० ते १,५०० मिलिमीटर उंचीवर आणि दोन्ही दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये किमान ६०० मिलिमीटर अंतर ठेवून बसवावेत. इंडिकेटर झाकला जाणार नाही, हेही पाहावे.

आता कागदपत्रांकडे वळू. दिव्याचे जीएसटी बिल, मान्यता प्रमाणपत्राची प्रत आणि बसवणाऱ्याची सही-शिक्क्याची पावती हे तीन कागद नवे; बाकीचे आपल्याकडे असतातच. आरसी अर्जदाराच्या नावावर आणि वैध असावी. विमा व पीयूसी चालू असावेत. कर भरलेला असावा. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक असलेल्या मालवाहू पिकअपला परवानाही लागतो. त्याखालच्या वाहनांना कलम ६६ मध्ये सूट आहे. विमा कंपनीला नव्या दिव्यांची किंमत लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी, म्हणजे अपघातानंतर दाव्यात त्यांचा विचार होतो.

डीआरएलची खरी परीक्षा योग्यता (फिटनेस) प्रमाणपत्राच्या नूतनीकरणात होते. मालवाहू वाहन आठ वर्षांपर्यंतचे असेल तर हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी आणि त्याहून जुने असेल तर एक वर्षासाठी मिळते. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर महाराष्ट्र निवडून एमएच-०९ (कोल्हापूर) चा वाहन क्रमांक आणि चासी क्रमांकाचे शेवटचे पाच अंक टाकावेत, नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी भरावा, शुल्क भरून तपासणीची तारीख घ्यावी. मोबाइल क्रमांक जुना किंवा दुसऱ्याचा असेल तर तो आधी अद्ययावत करणे भाग आहे. बहुतेकांचे काम इथेच अडते. प्रलंबित ई-चलने असल्यास तीही आधी निकालात काढावीत. पांढऱ्या पाटीच्या खासगी पिकअपला नोंदणीची पहिली पंधरा वर्षे अशी तपासणी नसते, मात्र दिव्यांचे नियम तिलाही लागू आहेत.

माझे मत विचाराल तर, दिवे बसवण्यापूर्वी ताराबाई पार्कातील प्रादेशिक परिवहन कार्यालयात एक साधा लेखी अर्ज द्यावा. त्यात वाहन क्रमांक, दिव्याचा मॉडेल क्रमांक, बसवण्याची जागा आणि हेडलाइटबरोबर ते बंद होण्याची व्यवस्था लिहून प्रमाणपत्राची प्रत जोडावी, आणि आवक क्रमांक असलेली पोच जपून ठेवावी. हा अर्ज सक्तीचा नाही, पण तपासणीच्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकापुढे ती पोच ठेवता येते. निरीक्षकाने दिवे काढायला सांगितले तर कारण लेखी मागावे. योग्यता प्रमाणपत्र नाकारल्याच्या आदेशावर कलम ५७ खाली तीस दिवसांत अपील करता येते. आमच्या ओळखीच्या एका गूळ वाहतूकदाराची गाडी अशीच परत आली होती. त्याने निळसर पट्ट्या लावल्या होत्या आणि त्या हेडलाइटसोबतही जळत राहत. त्याने अपील केले नाही. पट्ट्या काढल्या, पांढरे दिवे रिलेवर घेतले आणि पुढच्या तारखेला गाडी पास करून आणली.