-जे८ च्या आधीची गोष्ट

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या भाच्याचा परवा रात्री फोन. "मामा, बिल्ड दर वेळी अर्ध्यातच मरतो." बिल्ड म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, प्रोजेक्ट सी++ चा आणि पठ्ठ्याने मेक या बिल्ड करणाऱ्या साधनाला -जे८ दिलेलं, म्हणजे आठ कामं एकदम कर. आधी माउस अडखळला, मग डिस्कचा दिवा विझेना, शेवटी पडद्यावर 'किल्ड' आणि पुढे सीसी१प्लसचं, म्हणजे सी++ कंपायलरचं नाव. मेमरी संपली की लिनक्सचं कर्नल एखादी खादाड प्रोसेस हेरून मारतं, त्यातला हा प्रकार.

मेमरीची ही चणचण जुनीच. पीडीपी-११ या जुन्या संगणकावर एका प्रोग्रॅमला एका वेळी ६४ केबीच दिसायचे, त्यामुळे तिथला सी कंपायलर टप्प्याटप्प्यांत तोडलेला होता. एक टप्पा संपला की मधला माल डिस्कवर, मग पुढचा टप्पा मेमरीत. मेकचा जन्म १९७६ चा, बेल लॅब्समधला, पण तो वेगापायी नव्हे, वैतागातून झाला. स्टीव्ह जॉन्सन यांनी एक अख्खी सकाळ बरोबर असलेला प्रोग्रॅम तपासण्यात घालवली, कारण चूक दुरुस्त झाली होती, फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. ते चिडून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले आणि फेल्डमन यांनी मेक लिहिला. बदललेलं तेवढंच कंपाइल करायचं, ही युक्ती कमी मेमरीवाल्यांना अजून तारते.

एकाच वेळी अनेक कामं सोडायची सवय नंतरची. सी++ मध्ये एका छोट्या फाइलमागे हेडरच्या, म्हणजे तिच्यात ओढून घेतलेल्या दुसऱ्या फाइलींच्या हजारो ओळी येतात, टेम्प्लेट्स म्हणजे कोडचे साचे वेगळेच. कंपायलरच्या अशा आठ प्रती एकदम चालल्या तर मेमरी स्वॅपवर, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत सांडते आणि आठही कोअर डिस्ककडे बघत बसतात. म्हणजे अशा मशीनवर -जे२ हे -जे८ च्या आधी पोचतं. भाच्याला हे पटायला वेळ लागला.

लिंकिंग, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणं, तर याहून वाईट, विशेषतः डीबग माहितीसकट, कारण तिथे सगळ्या फाइली एकत्र येतात. क्रोमसाठी इव्हान मार्टिन यांनी लिहिलेल्या निंजा या मेकसारख्याच साधनात त्यासाठी 'पूल'ची सोय आहे: कंपाइल चार-चार चालू दे, लिंक मात्र एकेकच.

बाकी दोन आधार. अँड्र्यू ट्रिजेल यांचं सीकॅश २००२ चं. तोच सोर्स, तेच पर्याय पुन्हा आले तर ते कंपायलरला हात न लावता जुना निकाल देतं. दुसरा झेडरॅम. नितीन गुप्ता यांच्या कॉम्पकॅशमधून तो निघाला आणि २०१४ मध्ये लिनक्स ३.१४ सोबत स्टेजिंगमधून, म्हणजे कर्नलमधल्या कच्च्या कोडच्या विभागातून बाहेर आला. स्वॅपला जाणारी पानं डिस्कवर न नेता तो रॅममध्येच दाबून ठेवतो. बदल्यात थोडा सीपीयू खातो, पण हार्ड डिस्कवर हेलपाटे घालण्यापेक्षा ते परवडतं.

भाच्याने डीबग माहिती कमी केली, -जे२ लावलं, झेडरॅम चालू केला आणि मेसला जेवायला गेला. परत आला तेव्हा लिंकिंग चालू होतं, आणि माउस हलत होता.