पार्श्वभूमी : संगीत नाटक पडद्यावर आणताना

संगीत नाटकातलं गाणं संपतं तेव्हा नट शेवटच्या सुरावर क्षणभर थांबतो. ती जागा टाळ्यांसाठी राखलेली असते. टाळ्या ओसरल्या की पुढचं वाक्य. हाच प्रवेश जसाच्या तसा कॅमेऱ्यापुढे केला तर ती जागा रिकामी पडते आणि नट उगाच ताटकळल्यासारखा दिसतो. म्हणून जाणता दिग्दर्शक सूर विरायच्या आत दृश्य कापतो, किंवा पुढच्या प्रसंगाचा आवाज त्यावर चढवतो. ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीची, नाटकं पडद्यावर आणणाऱ्यांना अशा अडचणी पावलोपावली आल्या. त्यातल्या दोन सगळ्यांत चिवट ठरल्या : आवाज केव्हा मुद्रित करायचा, आणि बोलता बोलता माणूस गायला का लागतो?

बोलपटाच्या आरंभी गाणं आणि चित्रण एकाच वेळी होई. वाद्यवृंद सेटवरच, चौकटीबाहेर बसलेला असे. कॅमेऱ्याची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून तो ध्वनिरोधक खोलीत बंद, त्यामुळे जागचा हलत नसे. ब्रॉडवेवरून आलेल्या 'द कोकोनट्स'मध्ये (१९२९) विनोदी नट मार्क्स बंधूंच्या हातातले कागद पाण्यात भिजवलेले होते, कारण कोरड्या कागदाची चुरचुर माइक संवादाइतक्याच इमानाने पकडत असे. त्याच वर्षी, खास पडद्यासाठी लिहिलेल्या 'द ब्रॉडवे मेलडी'चं एक नृत्यगीत पुन्हा चित्रित करायची वेळ आली. ध्वनिविभागाच्या डग्लस शिअरर यांनी सुचवलं, की गाणं आधीच चांगलं मुद्रित झालं आहे, तेच वाजवा आणि नर्तकांना त्यावर नाचू द्या. वाद्यवृंद पुन्हा बोलवायला नको आणि कॅमेराही मोकळा. प्लेबॅक रुळला तो इथून.

त्याची किंमत मात्र नटाला मोजावी लागली. गाणं चित्रणाच्या आधी मुद्रित होतं, म्हणजे कुठल्या शब्दावर रेंगाळायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे सेटवर पाऊल टाकण्याआधीच कायमचं ठरतं. समोरच्या नटाने अचानक वेगळ्या नजरेने पाहिलं तरी लय बदलता येत नाही. 'माय फेअर लेडी'च्या (१९६४) वेळी रेक्स हॅरिसन यांनी आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवायला नकारच दिला. आपण एकच गाणं दोनदा सारखं म्हणत नाही, हे त्यांचं कारण. मग त्यांच्या टायमध्ये बिनतारी माइक दडवला आणि गाणी चित्रणाच्या वेळीच मुद्रित केली. त्याच चित्रपटात ऑड्री हेपबर्न यांच्या बहुतेक गाण्यांना आवाज मार्नी निक्सन यांचा आहे. एकाच पडद्यावर दोन पद्धती शेजारी शेजारी ऐकायच्या असतील तर हा चित्रपट पाहावा.

गाण्यांचा क्रम हा वेगळाच विषय. 'वेस्ट साइड स्टोरी' रंगमंचावर १९५७ साली आलं. पहिला अंक दोन खुनांवर संपतो, मध्यंतर होतं, आणि दुसऱ्या अंकात 'जी, ऑफिसर क्रप्की' हे थट्टेचं गाणं येतं. मध्ये प्रेक्षक बाहेर फिरून आलेला असल्याने ते चालून जातं. चित्रपटात सलग पाहताना तेच गाणं प्रेतांवर विनोद केल्यासारखं वाटण्याचा धोका होता. रॉबर्ट वाइज आणि जेरोम रॉबिन्स यांच्या १९६१ च्या चित्रपटात ते खुनांच्या आधी आणलं आणि दबलेल्या तणावाचं 'कूल' खुनांनंतर नेलं. एवढ्या अदलाबदलीने उत्तरार्धाचा ताण टिकला.

माणूस मध्येच गायला का लागतो, या दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यांत निग्रही उत्तर बॉब फॉसी यांनी 'कॅबरे'मध्ये (१९७२) दिलं. मूळ नाटकात पात्रं घरातही गातात. फॉसींनी ती गाणी काढून टाकली. जे गायचं ते गोष्टीतल्या नाइटक्लबच्या मंचावरच. मंचाबाहेर पात्रांनी गायलेलं गाणं एकच, बिअर गार्डनमधलं. आधी फक्त एका कोवळ्या मुलाचा चेहरा आणि निर्मळ आवाज. मग कॅमेरा खाली सरकतो आणि दंडावरची नाझी स्वस्तिकाची पट्टी दिसते. एकेक करत आजूबाजूची माणसं उठून गाऊ लागतात. इतका वेळ नियम कडक पाळला म्हणूनच तो मोडल्यावर अंगावर काटा येतो. तीस वर्षांनी रॉब मार्शल यांनी 'शिकागो'साठी वेगळी पळवाट शोधली : बहुतेक गाणी नायिका रॉक्सीच्या मनात घडतात, बाहेर रुक्ष तुरुंग आणि कोर्ट.

टॉम हूपर यांच्या 'ले मिझराब्ल'मध्ये (२०१२) आवाजाचा प्रश्न परत आला. नटाच्या कानात बारीकसा इयरपीस, सेटबाहेर पियानोवादक. लय नटाची, वादक त्याच्या मागे. वाद्यवृंद नंतर त्या गाण्यावर बसवला. अडचण संकलनात येते. प्रत्येक टेकची लय वेगळी, त्यामुळे एका टेकचा क्लोज-अप दुसऱ्याच्या लाँग शॉटला जुळत नाही. उपाय दोनच, एकाच वेळी अनेक कॅमेरे लावणं किंवा न कापणं. अ‍ॅन हॅथवे यांचं 'आय ड्रीम्ड अ ड्रीम' सलग एका शॉटमध्ये आहे ते उगाच नव्हे. एकट्याच्या आक्रोशाला ही पद्धत शोभते; समूहनृत्यात धाप लागते, पावलांचा आवाज माइकमध्ये जातो, तिथे आजही प्लेबॅकच बरा.

एक व्यावहारिक बाबही आहे. मूळ गाण्याचं ऑस्कर फक्त चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्याला मिळतं, म्हणून रूपांतरात एखादं नवं गाणं घालायचा मोह होतो. 'एविटा'तल्या (१९९६) 'यू मस्ट लव्ह मी'ला ते मिळालंही.

मध्यंतराचा पेच मात्र अजून सुटलेला नाही. नाटकाचा पहिला अंक सर्वांत उंच सुरावर संपतो आणि पुढे गोष्ट नव्याने उभी करावी लागते. सलग चित्रपट तिथेच ढेपाळतो. म्हणून जॉन चू यांनी 'विकेड' या नाटकाचे दोन चित्रपट केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला पहिला भाग 'डिफाइंग ग्रॅव्हिटी'वर, म्हणजे रंगमंचावर मध्यंतराचा पडदा पडतो तिथेच संपतो. त्याची लांबी २ तास ४० मिनिटं, जवळजवळ अख्ख्या नाटकाएवढी. दुसऱ्या अंकासाठी प्रेक्षकांना नोव्हेंबर २०२५ पर्यंत थांबावं लागलं.