बियाण्यातली माहेरची बुरशी

ज्वारी पेरण्याआधी बियाण्याला गंधक चोळायचं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. काणी या बुरशीच्या रोगाचे बीजाणू दाण्याला बाहेरून चिकटून येतात, गंधकाने मरतात, विषय संपला. त्यामुळे बियाण्यात बुरशी म्हटलं की हात आपोआप औषधाच्या डब्याकडे जातो. काही गवतांच्या बियांतली बुरशी मरू नये म्हणून बी मुद्दाम थंडाव्यात ठेवतात, असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

गोष्ट अमेरिकेतल्या टॉल फेस्क्यू या चाऱ्याच्या गवताची. १९३१ मध्ये केंटकीतल्या एका डोंगराळ शेतावर त्याचा दणकट ताटवा सापडला. १९४३ मध्ये ‘केंटकी ३१’ नावाने तो वाण बाहेर पडला आणि भराभर पसरला. गवत दुष्काळात तग धरी, पण त्यावर चरणारी जनावरं खंगत. उन्हात धापा टाकत, थंडीत काहींचे खूर आणि शेपट्या सडत. पात्यावर ना डाग, ना भुकटी. १९७७ मध्ये जॉर्जियातल्या संशोधकांनी या त्रासाचा संबंध गवताच्या आत राहणाऱ्या बुरशीशी जोडला. तिला आज एपिक्लोई म्हणतात. आपल्या बाजरीवर अरगट रोग आणणाऱ्या बुरशीच्या ही नात्यातली. गवताकडून साखर घेते, बदल्यात अल्कलॉइडं, म्हणजे विषारी रसायनं, बनवते. त्यातली काही किडींना पळवतात, काही गुरांना बाधतात.

मला भुरळ पडते ती तिच्या वाढण्याच्या रीतीची. बुरशीचा तंतू एरवी टोकाने वाढतो. गवताचं पातं मात्र बुडातून वाढतं, म्हणून तर वरून चरलं तरी पुन्हा वर येतं. बुडाशी तयार झालेल्या पेशी पुढे कित्येक पटींनी लांब होतात. आता दोन पेशींच्या भिंतींना चिकटलेला तंतू डोळ्यांपुढे आणा. पेशी ताणल्या की तो तुटायलाच हवा. तुटत नाही. २००८ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी दाखवलं की हा तंतू टोकाने नव्हे, मधूनच लांबतो. मध्ये नवे पडदे, नवी केंद्रकं, आणि वेग पात्याच्या वेगाइतकाच. पातं थांबलं की तंतूही थांबतो, पण जिवंत राहतो. पात्याच्या बुडाची आतली साल सोलून अॅनिलिन ब्लू या निळ्या रंगाने रंगवली, तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या लांबीने पडलेले निळे, जरासे नागमोडी, जवळजवळ बिनफांद्यांचे धागे दिसतात.

हा संयम जनुकांत आहे. ‘नॉक्स-ए’ हे जनुक ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं बनवणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं). रायग्रास या दुसऱ्या चाऱ्याच्या गवतात एपिक्लोईचीच एक बहीण-जात राहते. तिच्यातलं हे जनुक निकामी केलं तर ती आत बेफाम फांद्या फोडते आणि रोप खुरटून मरतं.

बियात शिरायला तिला वेगळी लढाई करावी लागत नाही. कोंबाच्या वाढबिंदूत ती आधीच बसलेली असते. तोच वाढबिंदू पुढे तुरा होतो, तशी तीही फुलात, बीजांडात, तिथून भ्रूणात जाते. पिकलेल्या दाण्यात ती भ्रूणात असते, तशीच सालीखालीही. रुजताना कोंबात चढते, मुळांकडे सहसा फिरकत नाही. परागकणांतून मात्र ती जात नाही. आई बुरशीवाली तर पोरं बुरशीवाली. बापाकडून काही येत नाही. या जातीच्या बुरशीला दुसरा रस्ताच उरलेला नाही, त्यामुळे गवताला बी धरलं नाही तर तिचाही वंश खुंटला.

आमच्या ज्वारी-बाजरीत एपिक्लोई नसते, ती थंड हवामानातल्या गवतांची. तेव्हा ‘आतली बुरशी’ म्हणून कुणी बाटली विकायला आला, किंवा मंत्र ऐकवलेलं बियाणं घेऊन आला, तर चहा पाजून वाटेला लावा. ज्वारीला गंधक चोळत राहा.

फेस्क्यूचं मात्र उलटं. कोंदट, गरम कोठारात त्याचं बियाणं वर्ष-दोन वर्षं पडलं की आतली बुरशी आधी मरते, बी मात्र उगवतं. अमेरिकनांनी ऐंशीच्या दशकात बुरशीविरहित फेस्क्यू पेरलं. गुरं सुधारली, पण दुष्काळात आणि चराईत गवतच विरळ होऊ लागलं. मग गुरांना न बाधणारी बुरशी निवडून रोपात घातली आणि त्या रोपांचं बी वाढवलं. अशा बियाण्याची नुसती उगवण बघून भागत नाही. रोपं थोडी वाढू देतात आणि मग पात्याच्या बुडाशी बुरशी जिवंत आहे का ते तपासतात.