मधली चार मिनिटं काढून टाकायची का?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये 'एकोज' या गाण्याचा विषय निघाला की वाद फिरून एकाच जागी येतो: मधली चार मिनिटं. 1971 सालच्या 'मेडल' या अल्बमची अख्खी दुसरी बाजू व्यापणारं हे गाणं सुमारे साडेतेवीस मिनिटांचं आहे. अकराव्या मिनिटाच्या आसपास त्यातला ताल विरून जातो. मग ड्रम्स नाहीत, शब्द नाहीत. वारा घोंघावतो, कावळे ओरडतात आणि त्यावर एखादं अजस्र जनावर विव्हळत असावं अशा किंकाळ्या येतात. बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोरने वा-वा पेडलच्या (गिटारचा आवाज पायाने बदलणाऱ्या उपकरणाच्या) वायरी उलट्या जोडून त्या गिटारमधून काढल्या.

काही चाहत्यांच्या मते ही निव्वळ भरती आहे, तबकडीची बाजू भरायची म्हणून घातलेली. बाकीचे म्हणतात, हा भाग काढला तर गाण्यात उरतं काय? मी या बाकीच्यांतला आहे, आणि कान व मेंदू यांच्याबद्दल जे कळलं आहे ते आमच्या बाजूने झुकतं असं मला वाटतं.

भरतीचा आरोप अगदीच हवेतला नाही. बँडने स्टुडिओत आधी सुटेसुटे तुकडे मुद्रित केले होते आणि त्यांना कामापुरतं नाव दिलं होतं 'नथिंग'. एवढे तुकडे जोडून एकसंध रचना होते का, हा प्रश्न रास्तच आहे. 1987 मध्ये निकोलस कुक या संगीतशास्त्रज्ञाने संगीताच्या विद्यार्थ्यांना काही रचना दोन रूपांत ऐकवल्या: एक सुरुवातीच्याच पट्टीत संपणारी, दुसरी मुद्दाम भलत्या पट्टीत नेऊन संपवलेली. रचना मिनिटभराहून मोठी झाली की शिकलेल्या कानांनाही मूळ रूप अधिक आवडतं असं दिसेना. म्हणजे लांब रचनेचा सांगाडा कागदावर कितीही नीट असला, तरी कान तो धरून ठेवत नाही.

मग साडेतेवीस मिनिटं बांधून कोण ठेवतं? 'एकोज'मध्ये हे काम एक स्वर करतो. गाणं सुरू होतं ते पियानोच्या एका 'टिंग'ने. बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटचा पियानो लेस्ली स्पीकरमधून काढला आहे. या स्पीकरमधला कर्णा गोल फिरतो, त्यामुळे आवाज जवळ येतो, लांब जातो आणि डॉप्लर परिणामामुळे स्वर किंचित थरथरतो. असा पोत असलेला आवाज विसरता येत नाही. संगीत-मानसशास्त्रज्ञ कॅरल क्रुमहान्सल यांनी 2010 मध्ये दाखवलं की गाजलेल्या गाण्याचा जेमतेम 400 मिलिसेकंदांचा तुकडा ऐकूनही अनेकदा लोक गाणं आणि गायक दोन्ही ओळखतात. पट्टी विसरणारा कान पोत मात्र पक्का लक्षात ठेवतो. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास वारा ओसरतो आणि तोच टिंग परत येतो, तेव्हा ओळख पटायला क्षणही लागत नाही.

तो परत येताना अंगावर काटा का येतो, याचं उत्तर मला 2019 मधल्या एका अभ्यासात सापडतं. जर्मनीतल्या लाइप्त्सिगच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी लोकप्रिय गाण्यांतल्या हजारो कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) तपासल्या. पुढे काय येणार याची खात्री असताना अनपेक्षित काही आलं की ऐकणाऱ्याला सुख होतं. पण उलटंही खरं निघालं: काहीच अंदाज नसताना ओळखीचं, अपेक्षित असं काही आलं, तरी सुख होतं. हा अभ्यास कॉर्ड्सचा होता, चार मिनिटांच्या वाऱ्याचा नव्हे. तरी त्या किंकाळ्यांमध्ये मेंदूला पुढचा अंदाज बांधायला काहीही मिळत नाही, आणि म्हणूनच टिंगची किंमत वाढते. मधला भाग कापला तर टिंग नुसता पुन्हा वाजेल, परत येणार नाही.

वाट पाहण्यातही सुख आहे, हे मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या 2011 च्या प्रयोगाने दाखवलं. आवडत्या संगीताच्या उत्कट क्षणाआधी मेंदूच्या कॉडेट भागात डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं, प्रत्यक्ष त्या क्षणी न्यूक्लियस अकम्बेन्स या दुसऱ्या भागात. समेची वाट पाहणाऱ्या ख्यालाच्या रसिकाला हे वेगळं सांगायला नको. मात्र त्यासाठी शेवटी काय येणार हे माहीत असावं लागतं आणि ते हवंहवंसं वाटावं लागतं. ज्याचं लक्ष वाऱ्यातच सुटतं, त्याची वाट पाहणं तिथेच संपतं. त्याला ती चार मिनिटं चाळीस वाटतात, आणि त्याचा अनुभव खोटा नाही.

कात्री लावायचीच तर मी त्या चार मिनिटांआधीच्या तालबद्ध भागाला लावेन. तिथे एकच ठेका मिनिटामागून मिनिटं चालतो. पुढचं सगळं आधीच कळतं आणि धक्का बसत नाही. लाइप्त्सिगच्या मोजमापात हा सगळ्यात कमी सुखाचा प्रकार ठरावा. गंमत म्हणजे भरतीचा आरोप त्या भागावर फारसं कोणी करत नाही, कारण तिथे पाय हलत असतो.

ऑक्टोबर 1971 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या प्राचीन प्रेक्षागारात चित्रित झालेल्या मैफलीच्या चित्रपटात तर हे गाणं दोन तुकड्यांत आहे, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. मध्ये इतर गाणी येतात. भरतीवाल्यांच्या हिशेबाने हा कहरच. तरीही तिथे टिंग परततो तेव्हा तो पूर्ण ताकदीने लागतो.