विकिपीडियाचे प्रचालक व्हायचे आहे? पात्रता, कागदपत्रे आणि कौल

या पदाच्या अर्जाला ओळखपत्र जोडावे लागत नाही. फोटो नको, पदवी नको. शुल्क नाही आणि मानधनही नाही. तरीही अर्ज फेटाळले जातात, तेही चारचौघांत आणि कारणांसकट.

प्रचालक हा सदस्यांमधूनच निवडलेला स्वयंसेवक असतो. त्याच्याकडे मुख्यतः तीन जादा अधिकार येतात: पान वगळणे, वादात सापडलेले पान सुरक्षित करणे आणि उत्पात करणाऱ्या सदस्याला प्रतिबंधित करणे. लेखात काय लिहावे यावरच्या वादात मात्र त्याचे मत इतर कोणाही सदस्याइतकेच. या पदाचे फार अवडंबर माजवू नये, असे संस्थापकांपैकी एक जिमी वेल्स यांनी २००३ मध्येच सांगितले होते. अवडंबर व्हायचे ते झालेच.

पात्रता

प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपले निकष स्वतः ठरवतो, म्हणून आधी आपल्या भाषेतले धोरण वाचा. इंग्रजीत किमान ५०० संपादने आणि ३० दिवस जुने खाते ही अट आहे. वयाची अट नाही. पण ५०० संपादनांच्या जोरावर तिथे कोणी निवडून येईल, अशी आशा धरू नका. मतदार काही हजार संपादने आणि निदान वर्षभराचा वावर बघतात.

कागदपत्रे

तुमचे खरे कागदपत्र म्हणजे तुमच्या योगदानाची यादी. ती आधीपासून सगळ्यांना खुली असते आणि ऐनवेळी सजवता येत नाही. जाणकार मतदार संपादनांची संख्या पाहून थांबत नाहीत. बदलांचा सारांश लिहिता का? नवख्याचे संपादन उलटवताना त्याला कारण सांगितले का? वगळण्यासाठी सुचवलेली पाने खरोखर वगळली गेली, की तुमचा अंदाज वारंवार चुकला? पूर्वी कधी प्रतिबंध लागला होता का? त्याचीही नोंद राहते. माझ्या मते सगळ्यात बोलके असते ते चर्चा पान, म्हणजे इतर सदस्य तुम्हाला निरोप लिहितात ते पान; त्यातही तुम्ही चुकलेले असताना तिथे दिलेले उत्तर. शंभर लेख लिहिणारा माणूस तिथे एका तिरकस वाक्याने मते घालवतो.

म्हणून थेट प्रचालकपदाकडे धावण्याआधी द्रुतमाघारीसारखा (एका टिचकीत उत्पाती संपादने उलटवण्याचा) छोटा अधिकार मागा, उत्पात निस्तरा, वगळण्याच्या चर्चांत भाग घ्या.

अर्ज आणि कौल

नामांकन स्वतः करता येते. दुसऱ्या अनुभवी सदस्याने केले तर बरे दिसते. इंग्रजीत तीन ठरलेले प्रश्न असतात: पद कशासाठी हवे, तुमचे उत्तम काम कोणते, आणि वादात कसे वागलात. पैसे घेऊन संपादन केले आहे का, हेही सांगावे लागते. मग सात दिवस पाठिंबा, विरोध, तटस्थ असा उघड कौल चालतो. ७५ टक्क्यांवर पाठिंबा असेल तर सहसा निवड होते, ६५ च्या खाली सहसा नाही. मधल्या पट्ट्यात चर्चेतले मुद्दे तोलून निर्णय होतो. २०२४ पासून तिथे गुप्त मतदानाचा पर्यायही आला असून त्यात ७० टक्के पाठिंबा लागतो.

लहान विकिपीडियावर अधिकार देणारे स्थानिक कोणी नसेल, तर चावडीवर, म्हणजे तिथल्या सामायिक चर्चेच्या पानावर, कौल घेऊन त्याचा दुवा मेटा-विकीवर (सर्व विकींच्या समन्वयाच्या संकेतस्थळावर) प्रतिपालकांकडे, म्हणजे सर्व विकींवर अधिकार देऊ-काढू शकणाऱ्या स्वयंसेवकांकडे, द्यावा लागतो. सदस्यसंख्या कमी असेल तर अधिकार बहुधा ठराविक मुदतीपुरता मिळतो. मुदत संपली की पुन्हा विनंती करायची.

पद जाते कसे

इंग्रजीत १२ महिने एकही संपादन किंवा प्रचालकीय कृती नसेल, तर अधिकार काढले जातात. शिवाय महिन्याभरात २५ अनुभवी सदस्यांनी सह्या केल्या, तर प्रचालकाला पुन्हा कौलाला सामोरे जावे लागते. सदस्यांमधून नेमणूक करण्याच्या मी बाजूचा आहे तो या तरतुदीमुळे. नेमणाऱ्यांच्या हाती काढण्याचा अधिकार नसेल, तर ती नेमणूक एकतर्फीच.

एक गल्लत नेहमी होते. नोंदणीकृत सदस्याचा आयपी पत्ता प्रचालकाला दिसत नाही. ते काम खाते-तपासनीसाचे. त्यासाठी वय १८ पूर्ण हवे, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनशी गोपनीयतेचा करार करावा लागतो, आणि समुदायाकडून निवड होत असेल तर किमान २५ ते ३० सदस्यांचा पाठिंबाही लागतो.